सिगारेट-विडी सोडवणारी लस: मेडिकलच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निपाणीत माझं औषधांचं दुकान आहे, स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. महिन्यातून चार-पाच वेळा तरी कुणीतरी काउंटरवर वाकून हळू आवाजात विचारतं, "ते सिगरेट सोडायचं इंजेक्शन आलंय म्हणे, तुमच्याकडं मिळतंय काय ओ?" सोबत मोबाईलवर आलेला सुईचा फोटो असतो. विचारणारी बहुतेक वेळा बायको, नाहीतर मुलगी. ज्याच्यासाठी विचारायचं तो बाहेर गाडीवर बसून शेवटचा झुरका मारत असतो.

मागे रांग असताना एवढं सगळं सांगणं होत नाही. म्हणून लिहून काढलं. गाव तंबाखूचं, वडील वखारीत काट्यावर होते आणि मी स्वतः चौदा वर्षं ओढून सोडलेली आहे. त्यामुळे मध्येमध्ये माझी मतंही येतील, ती सांभाळून घ्या.

अशी लस मिळते का? किती रुपयांना?

मिळत नाही. निपाणीत, बेळगावात, कोल्हापुरात कुठंच नाही, आणि अमेरिकेतही नाही. सिगारेट सोडवणारी कुठलीही लस आजवर मंजुरीपर्यंत पोचलेली नाही, तेव्हा किमतीचा प्रश्नच येत नाही. कुणी तुम्हाला किंमत सांगत असेल तर खाली "तीन सुयांचा कोर्स" हा प्रश्न आहे, तो आधी वाचा.

मग मोबाईलवर येतं ते साफ खोटं?

साफ खोटं म्हणता येत नाही. शिळं आहे. अशा लशी खरोखर बनल्या, हजारो माणसांना टोचल्या गेल्या आणि एका वेळी जगभरच्या वर्तमानपत्रांत "सिगारेट सोडवणारी लस येतेय" अशा बातम्या छापून आल्या. त्याच बातम्या तारीख कापून अजून फिरतात.

सगळ्यात पुढे गेली ती निकव्हॅक्स. अमेरिकेतल्या नॅबी बायोफार्मास्युटिकल्सची. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनसारख्या बड्या कंपनीने २००९ मध्ये तिच्या हक्कांसाठी करार केला, अमेरिकन सरकारच्या संशोधन संस्थेनेही पैसा लावला. तिसऱ्या टप्प्याच्या दोन चाचण्या झाल्या, प्रत्येकीत हजारएक ओढणारे. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतंच पाणी म्हणा असं औषध नसलेलं इंजेक्शन. कुणाला काय दिलंय हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नाही. २०११ मध्ये निकाल आला. लस घेतलेल्यांपैकी ११ टक्क्यांच्या आसपास लोकांनी सिगारेट सोडली होती आणि खोटी सुई घेतलेल्यांपैकीही तेवढ्यांनीच.

त्याआधी स्वित्झर्लंडच्या सायटोस कंपनीची लस होती. नोव्हार्टिसने ती २००७ मध्ये घेतली, २००९ मध्ये तिचाही निकाल असाच फुसका निघाला. ब्रिटनमधली टीए-निक आणि स्वीडनमधली निकसीन याही त्याच वाटेने गेल्या. २०१२ मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने तोवरच्या चार चाचण्या एकत्र मांडून पाहिल्या: दीर्घकाळ सिगारेट सोडायला लशीची मदत होते असा पुरावा नाही.

लस देवीची, पोलिओची, करोनाची. सवयीची लस असते होय?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण तो विचारणारा खरंच विचार करत असतो.

लस सवयीवर नाही, निकोटिनवर आहे. झुरका घेतला की निकोटिन फुफ्फुसातून रक्तात आणि दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. तिथं ते काही ठरावीक कुलपांत बसतं, डोपामाइन नावाचं रसायन सुटतं आणि "हां, आता बरं वाटलं" असं होतं. मेंदूच्या वेशीवर एक बारीक चाळणी आहे. निकोटिनचा रेणू इतका चिमुकला की तो त्या चाळणीतून सहज पार होतो.

आता आमच्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा कोगनोळी नाका डोळ्यांसमोर आणा. करोनात तिथं पोलीस बसले होते, रिपोर्ट नसेल तर गाडी परत. तरी शेतातल्या वाटेने मोटरसायकलवाले सटकतच होते. निकोटिन म्हणजे तो मोटरसायकलवाला. लशीमुळे रक्तात अशी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, तयार व्हावीत की ती त्या मोटरसायकलवाल्याला मिठी मारतील. मग तो मोटरसायकलवाला राहत नाही, उसाने भरलेली बैलगाडी होतो, आणि बैलगाडी बांधावरच्या वाटेने जात नाही. निकोटिन रक्तातच अडकून पडतं, मेंदूत पोचत नाही, झुरक्याला मजा येत नाही. मजा नाही तर माणूस कशाला ओढेल, असा सगळा हिशेब.

निकोटिन तर रोज अंगात जातं. मग शरीर आपणहून त्याविरुद्ध प्रतिपिंडं का बनवत नाही?

फारच लहान असल्यामुळे. शरीराचे पहारेकरी एवढ्याशा वस्तूची दखलच घेत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञांनी निकोटिनचे तुकडे एका मोठ्या प्रथिनावर चिकटवले, म्हणजे पहारेकरी निदान वळून बघतील. निकव्हॅक्समध्ये त्यासाठी एका जिवाणूचं विष काढून टाकलेलं प्रथिन होतं, टीए-निकमध्ये पटकीच्या विषाचा निरुपद्रवी भाग, सायटोसच्या लशीत जिवाणूंना होणाऱ्या एका विषाणूचं रिकामं कवच. युक्ती म्हणून मला आजही हे भारी वाटतं.

एवढी भारी युक्ती, मग फसली कशी?

इथं जरा बसून घ्या.

पहिलं, नाक्यावर अडवणारी माणसं कमी आणि गाड्या जास्त. एका सिगारेटमधून साधारण १ मिलिग्रॅम निकोटिन अंगात जातं. निकोटिनच्या रेणूचं वजन १६२, प्रतिपिंडाचं दीड लाखाच्या घरात, आणि एका प्रतिपिंडाला पकडायला हात दोनच. हिशेब मांडून बघा. ते १ मिलिग्रॅम सगळंच्या सगळं पकडायचं तर जवळपास अर्धा ग्रॅम प्रतिपिंडं लागतात. जन्मापासून झालेल्या सगळ्या रोगांची, घेतलेल्या सगळ्या लशींची मिळून आपल्या रक्तात या जातीची प्रतिपिंडं असतात तीसएक ग्रॅम. त्यातली अर्धा ग्रॅम फक्त एका सिगारेटसाठी! आणि आमच्याकडचा माणूस दिवसाला एक ओढून थांबत नाही. सगळं निकोटिन अडवायची गरज नाही, पहिला झटका अडवला तरी पुरे, हे खरं. तरीही कमी पडलं.

दुसरं, प्रत्येकाच्या अंगात प्रतिपिंडं सारखी तयार होत नाहीत. निकव्हॅक्सच्या आधीच्या, ३०१ माणसांच्या चाचणीत हे दिसलंच होतं. ज्यांच्या रक्तात सगळ्यात जास्त प्रतिपिंडं झाली, त्या वरच्या ३० टक्क्यांत सोडणाऱ्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास होतं, खोट्या सुईवाल्यांत १२. त्या आकड्यावर आशा ठेवूनच पुढचा डाव मांडला. पण लस टोचताना हा वरच्या ३० टक्क्यांतला की खालच्या, हे कसं ओळखणार? सरसकट सगळ्यांना टोचल्यावर फरक पुसला गेला.

तिसरं, वेळ. महिन्या-महिन्याच्या अंतराने अनेक सुया घ्यायच्या, तेव्हा कुठं प्रतिपिंडं पुरेशी होतात. ज्याने आज संकष्टीला "उद्यापासून बंद" म्हणून नारळ फोडलाय, त्याला तुम्ही तीन महिने थांबा म्हणणार? आणि सुया थांबल्या की प्रतिपिंडं परत उतरायला लागतात.

चौथं माझ्या मते सगळ्यात मोठं आहे. लस मजा अडवते, तलफ अडवत नाही. सोडल्यावर जी चिडचिड होते, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही, पोट साफ होत नाही, त्यावर लशीत काहीच नाही. ती अवस्था निकोटिन *न मिळाल्यामुळे* येते. मी सोडली तेव्हा पहिल्या आठवड्यात एका गिऱ्हाईकाला सुट्ट्या पैशांवरून असा ओरडलो की तो औषध काउंटरवर टाकून निघून गेला. त्या दिवशी माझ्या रक्तात कितीही प्रतिपिंडं असती तरी माझं तोंड बंद राहिलं नसतं.

शिवाय हात, तोंड, वेळ, जागा. चहा झाला की खिशाकडे जाणारा हात निकोटिनच्या रेणूला विचारून जात नाही.

उंदरांवर चालली होती म्हणे?

चालली होती. पण उंदराला चहाच्या टपरीवर मित्र भेटत नाहीत.

लस घेतलेल्याने सिगारेट ओढली तर उलटी होते का? दारूच्या गोळीसारखं?

नाही. दारू सोडवायची जी गोळी असते, ती घेऊन दारू प्यायलं की चेहरा लाल होतो, धडधड होते, उलट्या होतात. ती वेगळी गोष्ट, आणि तीही डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय, माणसाला न सांगता देणं जिवावर बेतू शकतं. निकोटिनच्या लशीत असं काही होत नव्हतं. झुरका फिका लागायचा, एवढंच. दंड दुखणं, अंग मोडून येणं, किंचित ताप, इतर लशींना होतं तसंच.

फिका लागला म्हणून लोक दुप्पट ओढतील अशीही भीती होती. चाचण्यांमध्ये तसं काही दिसलं नाही.

आमचे मालक ओढत नाहीत, तंबाखू मळतात. आणि सासूबाई मिश्री लावतात. त्यांना चालली असती का?

या चाचण्या ओढणाऱ्यांवरच झाल्या. बाहेरच्या देशांत तंबाखूचं व्यसन म्हणजे सिगारेट. आपलं चित्र निराळं आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत कर्नाटकात ओढणारे प्रौढ ८.८ टक्के होते आणि खाणारे-चघळणारे-लावणारे १६.३ टक्के. पलीकडे महाराष्ट्रात तर ओढणारे ३.८ आणि बाकीचे २४.४. म्हणजे लस यशस्वी झाली असती तरी कागलच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या निम्म्याहून अधिक तंबाखूवाल्यांवर ती कधी तपासलेलीच नसती.

निकोटिन मात्र तेच. झुरक्यातून ते झटक्यात चढतं, गालातल्या बारातून हळूहळू झिरपत राहतं. सासूबाईंची मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे, दातांचं औषध नव्हे. हे वाक्य मी आजवर शंभर सासूबाईंना ऐकवलं असेन आणि शंभरही जणींनी "मग सकाळी पोट कसं साफ होणार?" हेच विचारलंय. उत्तर: दोन-तीन आठवडे त्रास होतो, मग पोट आपली वेळ आपण धरतं. तोवर कोमट पाणी, पेरू, पालेभाजी, आणि लागलंच तर इसबगोल.

मुलगा पंधराचा आहे. लागायच्या आधीच टोचून ठेवता आली असती तर?

एका शिक्षिका बाईंनी हे विचारलं होतं. शास्त्रज्ञांतही यावर बराच वाद झाला. एकतर प्रतिपिंडं काही महिन्यांत उतरतात, म्हणजे मुलाला वर्षानुवर्षं टोचत राहावं लागलं असतं. शिवाय ज्याने कधी हातात धरली नाही त्याला आईबापाने टोचायची का, हाही प्रश्न आहेच. पंधराच्या मुलासाठी मला सुईपेक्षा शाळेबाहेरची टपरी महत्त्वाची वाटते. कर्नाटकात २०२५ च्या दुरुस्तीनंतर २१ वर्षांखालच्यांना तंबाखूचे पदार्थ विकता येत नाहीत आणि सार्वजनिक ठिकाणी ओढल्याचा दंड २०० वरून १,००० रुपये झालाय. टपरीवाल्याला हे एकदा तुमच्या तोंडून ऐकवा.

एका ठिकाणी तीन सुयांचा कोर्स सांगितलाय. घेऊ का?

घेऊ नका.

माझ्या मामांनी घेतला होता. भिंतीवर रंगवलेली जाहिरात, "एका दिवसात व्यसनमुक्ती, गॅरंटीसह". गाव सांगत नाही. तीन सुया, दर सुईला रोख पैसे, पावती नाही. कुपीवरचं लेबल खरवडून काढलेलं. मामा चार दिवस गुंगीत होते, पाचव्या दिवशी उठून पहिलं काय केलं असेल तर कोनाड्यातली चंची शोधली. ती रिकामी कुपी मामींनी जपून माझ्याकडे आणली, की हे नक्की काय होतं सांग. काय सांगणार? लेबलच नाही.

कुठलीही सुई घ्यायच्या आधी तीन गोष्टी विचारा: औषधाचं नाव काय, चिठ्ठीवर लिहून देणार का, बिल देणार का. तिन्हींपैकी एकाला जरी "तुम्हाला काय करायचंय" असं उत्तर आलं तर चप्पल घालायची आणि निघायचं. जेवणात गुपचूप मिसळायच्या पावडरींचंही तेच.

वखारीत काम करणाऱ्या बायकांना चक्कर येते. त्यांना लस उपयोगी नाही का?

नाही. पण प्रश्न फार बरोबर आहे, कारण निकोटिन त्यांच्याही अंगात जातं, न ओढता. तंबाखूच्या ओल्या पानांना हात लावला की कातडीतून निकोटिन शिरतं. मळमळ, चक्कर, उलटी, डोकं गरगरणं. आपण त्याला "तंबाखू लागला" म्हणतो, जगभरच्या तंबाखूच्या शेतांत हा त्रास माहीत आहे. सकाळच्या दवात, पावसात किंवा घामात जास्त होतो, कारण ओल्या कातडीतून निकोटिन लवकर जातं. वखारीत चाळताना उडणारा खकाणा नाकातोंडात जातो ते वेगळंच. माझी आई वडिलांचा सदरा घराबाहेर झटकून मगच पाण्यात टाकायची, आम्हाला शिंका यायच्या म्हणून.

उपाय साधे आहेत: पूर्ण बाह्यांचा कोरडा कपडा, हातमोजे, तोंडाला फडकं, काम संपल्यावर साबणाने हातपाय, भाकरीला हात लावायच्या आधी तर नक्कीच. गरोदर बाईने हे काम टाळावं. टाळता येत नाही हे मलाही कळतं.

बरं, लस नाही. मग आज दुकानात आहे काय?

आहे, आणि लशीपेक्षा बरं आहे.

निकोटिनचं च्युइंगम आणि पट्टी. दुसरं, व्हॅरेनिक्लिनची गोळी. तिसरं, बुप्रोपिऑनची गोळी. दोन्ही गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. २०१६ मध्ये आठ हजारांवर माणसांची एक मोठी चाचणी छापून आली. उपचाराच्या नवव्या आठवड्यापासून चोविसाव्यापर्यंत अजिबात न ओढलेले: व्हॅरेनिक्लिनवाले सुमारे २२ टक्के, बुप्रोपिऑन आणि पट्टीवाले १६ च्या आसपास, खोट्या गोळीवाले ९. आता लशीचे ११ आणि ११ आठवा. चाचण्या वेगळ्या आहेत, आकडे शेजारी ठेवून तोलू नयेत, पण एकीकडे फरक दिसतो आणि दुसरीकडे दिसत नाही एवढं कळायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही.

२२ टक्के म्हणजे दहांत दोन. कमी वाटतं ना? मलाही वाटलं होतं. मी स्वतः तिसऱ्या खेपेला सुटलो.

गंमत म्हणजे लस आणि व्हॅरेनिक्लिन जोडून देऊनही पाहिलंय, नेदरलँड्समध्ये, ५५८ लोकांवर. च्युइंगम लशीबरोबर देण्यात अर्थ नव्हता, प्रतिपिंडांनी त्यातलंही निकोटिन पकडलं असतं. व्हॅरेनिक्लिन प्रतिपिंडांच्या तावडीत सापडत नाही. निकाल: गोळीने जे काम करायचं ते केलं, लशीने वर काही भर घातली नाही.

च्युइंगम नेलं होतं. काही फरक पडला नाही, उलट उचक्या लागल्या.

कारण तुम्ही ते च्युइंगमसारखं खाल्लं. ही चूक सांगणाऱ्याची, म्हणजे आम्हा दुकानदारांची असते. पुडकं दिलं, पैसे घेतले, झालं.

बार कसा धरतात ते आठवा. हे तसंच धरायचं. आठ-दहा वेळा सावकाश चावायचं, तिखट चव किंवा झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं. चव गेली की परत दोन-चार वेळा चावून जागा बदलायची. अर्धा तास. रस गिळायचा नाही. गिळला की उचकी, जळजळ. आधीची पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, लिंबूसोडा बंद, नाहीतर निकोटिन गालातून नीट शोषलं जात नाही. आमच्याकडे चहा सोडणं हे तंबाखू सोडण्यापेक्षा अवघड, म्हणून नेमकी इथंच माशी शिंकते.

२ मिलिग्रॅमचं चिठ्ठीशिवाय मिळतं, ४ चं चिठ्ठीवर. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर डॉक्टरांना ४ चं विचारा. आणि तलफ अनावर झाल्यावर एखादं, असं करू नका. सुरुवातीला तास-दोन तासाला एक, मग हळूहळू कमी.

निकोटिन सोडायला निकोटिनच? आगीला रॉकेल?

निकोटिन सवय लावतं. कर्करोग, दमा, हृदयाचं दुखणं हे मुख्यतः धुरातल्या डांबराचं, कार्बन मोनॉक्साइडचं आणि तंबाखूतल्या इतर विषांचं काम. च्युइंगममध्ये ती नसतात, डोस ठरलेला असतो आणि उतरता असतो.

ती गोळी डोक्यावर परिणाम करते म्हणतात.

वर सांगितलेली २०१६ ची चाचणी नेमकी याच भीतीसाठी केली होती. आत्महत्येचे विचार, उदासी वगैरेंचं प्रमाण व्हॅरेनिक्लिनमुळे लक्षणीय वाढलेलं दिसलं नाही. मळमळ होते, विचित्र स्वप्नं पडतात. जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घेतली तर मळमळ कमी. बुप्रोपिऑन मात्र फिट येणाऱ्यांना चालत नाही. आधीची दुखणी डॉक्टरांपासून लपवू नका.

गोळ्या नकोत, पैसे नाहीत. मग?

१८००-११-२३५६. राष्ट्रीय क्विटलाइन, फुकट. मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही. पलीकडचा माणूस उपदेश करत नाही, तारीख ठरवून घेतो आणि नंतर स्वतःहून फोन करतो. त्या परत येणाऱ्या फोनची लाज वाटते, आणि ती लाज कामाला येते. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडण्याच्या समुपदेशनाची चौकशी करा, खासगी मेडिकल कॉलेजांच्या मानसोपचार विभागातही करा.

पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट, दोन ते चार आठवड्यांत बरंच ओसरतं. एक तलफ काही मिनिटांची असते. मी त्या वेळात औषधांच्या एक्स्पायरी तारखा तपासायचो. त्या वर्षी दुकानात एकही जुनी बाटली सापडली नाही.

ओढणाऱ्याने घ्यायच्या दुसऱ्या लशी आहेत का?

आहेत. फ्लूची आणि न्यूमोनियाची. ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसाला दोन्हींचा धोका जास्त. डॉक्टरांना विचारून घ्या. या खरोखर मिळतात.

तंबाखूच्या झाडापासूनच लस केली होती ना?

होय! कॅनडातल्या मेडिकागोने तंबाखूच्या एका जातभाई रोपात करोनाची लस बनवली, २०२२ मध्ये कॅनडाने मंजूरही केली. पण कंपनीत सिगारेटवाल्या फिलिप मॉरिसचा हिस्सा, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने तिला हात लावला नाही. पुढे कंपनीच बंद झाली. हे मी वखारीतल्या एका जुन्या मुकादमांना सांगितलं तर म्हणाले, "बघ की, आमच्या पाल्याला इज्जत मिळत होती, तीपण बसवली."

सगळ्यांनी सोडली तर आमच्या शेतकऱ्याचं काय?

हा प्रश्न टोमणा म्हणून येतो, पण मी तो टोमणा समजत नाही. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींबरोबर याच हायवेवर शेतकरी बसले होते, ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. वखारीतल्या बायकांनी मजुरीसाठी संघटना बांधली तीही याच गावात. त्या काट्यावरच्या पगारातूनच माझं फार्मसीचं शिक्षण झालं. त्यामुळे पिकावर बोलायला मला जड जातं. एवढं दिसतं की ऊस आणि सोयाबीनने तंबाखूची बरीच जमीन कधीच घेतली आहे, आणि ती काही कुणी विडी सोडली म्हणून नाही.

लस शेवटी येणार कधी?

प्रयोगशाळांतून काम चालू आहे. उंदराच्या यकृतात प्रतिपिंडं बनवणारं जनुक सोडून पाहिलंय, निकोटिन खाणाऱ्या एका जिवाणूचं विकर (एन्झाइम) वापरून रक्तातच त्याचा फडशा पाडायचा प्रयत्न आहे, अतिसूक्ष्म कणांवर निकोटिन बसवून चांगली प्रतिपिंडं मिळवायची खटपट आहे. बहुतेक सगळं उंदीर-घुशींपाशी. तारीख मला विचारू नका. सीमाप्रश्नाच्या सुनावणीची तारीख विचारत विचारत आमची एक पिढी म्हातारी झाली, दुसऱ्या तारखेची जबाबदारी मी घेत नाही.

दुकानात सगळ्यांसमोर बोलायची लाज वाटते.

दुपारी दोन ते चारच्या मध्ये या, तेव्हा चिटपाखरू नसतं. येताना तीन गोष्टी घेऊन या: सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने लागते, दिवसात किती होतात (घरच्यांना सांगता तो आकडा नको, खरा), आणि आधीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी. बीपी, शुगर, दमा, फिट, काय असेल ते. ज्याला सोडायची आहे त्यालाच पाठवा, बाहेर गाडीवर बसवून ठेवू नका.